नाणं टांकसाळीत चुकलं की बाहेर मार खाल्ला, हे घरी बसून कसं ओळखायचं

दर आठवड्याला कोणी ना कोणी मला एखाद्या नाण्याचा फोटो पाठवतं आणि खाली एकच प्रश्न असतो, "दादा हे मिसप्रिंट आहे ना, किती येतील?" बहुतेक वेळा ते नाणं टांकसाळीतून एकदम नीट निघालेलं असतं आणि नंतर कुणीतरी ते पक्कडीत धरलेलं, घासलेलं किंवा तापवलेलं असतं. समोरच्याला नाही म्हणताना मला खरंच वाईट वाटतं, कारण त्याने ते कापसात गुंडाळून डबीत जपलेलं असतं. म्हणून नवीन लोकांसाठी सगळं एका जागी लिहितोय. नीट वाचलंत तर पुढच्या वेळी मला विचारायचीही गरज पडणार नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नाणं विचित्र दिसलं की "किती येतील" हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि विचारायचं, इथला धातू गेला कुठे? धातू हवेत विरत नाही. टांकसाळीत तो दाबाने वाहतो, खाचेत भरतो, बाहेर पसरतो. बाहेर मार बसला की तो खरवडला जातो, बाजूला ढकलला जातो, नाहीतर कापून निघून जातो. या दोन्हींच्या खुणा वेगळ्या असतात, आणि भिंगाखाली त्या दिसतात म्हणजे दिसतातच.

नाणं बनतं कसं, एवढं तरी माहीत हवं

नाशिकरोडला प्रेस असल्यामुळे आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की नाणीपण तिथेच होतात. तिथे नोटा आणि स्टॅम्प छापतात, नाणी पडतात ती मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार टांकसाळींमध्ये. धातूचा लांब पत्रा घेतात, पंचने त्यातून गोल चकत्या पाडतात, मग चकतीची कड दाबून थोडी उचलतात, भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन चमकवतात आणि शेवटी ती कोरी चकती दोन डायांच्या, म्हणजे पोलादी ठशांच्या, मध्ये जाते, भोवती कॉलर म्हणजे एक पोलादी कडं असतं, आणि एका दाबात छापा, काटा, कड तिन्ही एकदम तयार. संपलं. एरर म्हणजे यातल्या कुठल्या तरी एका टप्प्यावर झालेली चूक. तुमच्या नाण्यातली गडबड यातल्या कुठल्याच टप्प्यावर बसत नसेल तर ती बाहेर झालेली आहे, मग विकणारा काहीही सांगो.

सामान काय लागतं

दहा पटीचं भिंग, सराफ वापरतात तसलं. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा. एक चुंबक. जमलं तर व्यास-जाडी मोजायला व्हर्निअर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच किमतीचं, शक्यतो त्याच सालचं आणि त्याच टांकसाळीचं एक साधं चांगलं नाणं, जोडीला ठेवायला. हे शेवटचं लोक विसरतात, आणि नीट नाणं कसं दिसतं हेच पाहिलेलं नसेल तर चुकलेलं कसं ओळखणार. उजेड वरून नको, मोबाईलचा टॉर्च आडवा धरा, नाण्याच्या पातळीला, म्हणजे प्रत्येक उंचवट्याची सावली पडते.

आणि नाणं धुऊ नका. चिंच-मीठ नको, रांगोळी नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. खरं एरर निघालं असतं तरी घासल्यावर त्याची किंमत गेली, आणि वर तुम्हीच त्यावर नवीन ओरखडे पाडून ठेवले.

पहिलं काम: वजन आणि चुंबक

रोजच्या नाण्यांची वजनं लिहून ठेवा. १९९२ पासूनचा स्टीलचा एक रुपया ४.८५ ग्रॅम, २५ मिलिमीटर. २०११ च्या मालिकेतला छोटा एक रुपया ३.७९, त्याच मालिकेतले दोन रुपये ४.८५. जुने अकरा कोनांचे दोन रुपये ६ ग्रॅम. जुने जाड पाच रुपये ९ ग्रॅम, नंतरचे पिवळे ६. दहा रुपये ७.७१ आणि वीस रुपये ८.५४. थोडा इकडेतिकडे फरक चालतो, वापरून झिजलेलं नाणं जरा हलकं असणारच.

स्टीलचं नाणं चुंबकाला चिकटतं, तांबं-निकेलचं चिकटत नाही. "सोनेरी एक रुपया, चुकीच्या धातूवर पडलेला" म्हणून मला एकाने दाखवला होता, स्टीलच्या सालचा, वजन बरोबर ४.८ च्या आसपास आणि चुंबकाला टपकन चिकटला. म्हणजे आत स्टीलच आहे, वरून मुलामा दिलाय. दोन मिनिटांत निकाल लागला, भिंग काढायचीपण वेळ आली नाही.

एक बाजू कोरी असलेलं नाणं आलं तरी आधी वजनच करा. खरं असेल, म्हणजे डायांमध्ये दोन चकत्या एकदम गेल्यामुळे एका बाजूला छाप बसलाच नसेल, तर धातू पूर्ण आहे आणि वजनही पूर्ण भरतं. कुणी ग्राइंडरवर घासलं असेल तर धातू गेला, वजन गेलं, आणि आडव्या टॉर्चमध्ये एका दिशेच्या बारीक रेघा दिसतात.

दुसरं: उंच आहे की खोल

डाय ही नाण्याची उलटी असते. डायला तडा गेला तर त्या तड्यात धातू भरतो, म्हणून नाण्यावर तडा उंच रेघ बनून येतो, खोल नाही. डायच्या काठाचा तुकडाच उडाला तर तिथे नाण्याच्या कडेला एक सपाट उंच गाठ येते, त्याला कड म्हणतात (आपली नाण्याची कड वेगळी, हे इंग्रजीतलं नाव आहे, नवीन माणूस गोंधळतो). आणि ओरखडा कायम खोल असतो, शिवाय त्याच्या दोन्ही काठांना धातू वर ढकलला गेलेला असतो, नांगरलेल्या सरीसारखा. भिंगातून एकदा ही सरी पाहिली की आयुष्यात विसरत नाही.

तारखेतला एखादा आकडा गायब असेल तरी तसंच. डायच्या खाचेत ग्रीस आणि धूळ भरली तर अक्षर उठत नाही, पण त्या जागेची पातळी आजूबाजूसारखीच राहते, तीच चमक, तोच पोत. खरवडून काढलेल्या आकड्याच्या जागी किंचित खळगा असतो आणि चमक वेगळी.

तारीख डबल दिसते म्हणून लोक फार उड्या मारतात. दाबाच्या वेळी डाय हलली की आकड्याच्या एका बाजूला चपटी पायरी पडते, ती टांकसाळीतलीच असते पण इतकी कॉमन की कलेक्टर तिला वेगळे पैसे देत नाहीत. तिच्यावर वेळ घालवू नका.

तिसरं: तुकडा गेलेलं नाणं

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी चूक हीच. पत्र्यातून चकत्या पाडताना पंच आधीच्या भोकावर थोडा चढला तर चकतीलाच चंद्रकोरीसारखा तुकडा कमी येतो, आणि अशीच चकती पुढे जाऊन नाणं बनते. माझ्याकडे स्टीलचा एक रुपया आहे असा, वजन ४.४१. भिंगाखाली धरला की त्या कोरीजवळची अक्षरं कोरीकडे ओढली गेलेली दिसतात, निमुळती होत होत विरतात, कारण दाब पडला तेव्हा धातूला तिकडे मोकळी जागा होती आणि तो तिकडे वाहिला. आता त्याच्या बरोब्बर समोरची कड बघा. तिथे काठ बारीक आणि अर्धवट आहे. याला ब्लेक्सली इफेक्ट म्हणतात. चकतीची कड उचलताना ती दोन्ही बाजूंनी दाबली जाते ना, मग एका बाजूला तुकडाच नाही तर समोरच्या बाजूला पुरेसा दाब येणार कुठून.

घरी करवतीने किंवा कानशीने कापलेल्या नाण्यात अक्षर मधूनच सुरीने कापल्यासारखं संपतं, समोरचा काठ ठणठणीत असतो, आणि कापलेल्या कडेवर कानशीच्या रेघा असतात. प्रत्येक खऱ्या तुकड्यात समोरचा काठ अशक्त दिसेलच असं नाही, तुकडा लहान असला तर कमी दिसतो, पण अक्षरांचं वाहणं बघा, ते कानशीवाल्याला जमत नाही.

चौथं: पसरलेलं आणि सरकलेलं

कॉलर बसली नाही तर धातूला अडवायला कोणी नाही, नाणं पसरतं, मोठं आणि पातळ होतं. देवळालीकडे रुळावर नाणी ठेवून पोरं जी चपटी करतात तीपण मोठी आणि पातळच असतात आणि दोन्हींची वजनं बरोबर भरतात, म्हणून इथे काट्याचा उपयोग नाही. इथे अक्षरं वाचायची. टांकसाळीत पसरलेल्या नाण्यात मधलं चित्र कडक आणि खणखणीत असतं, सिंहाची आयाळ दिसते, फक्त कड नसते. रुळाखालच्या नाण्यात सिंहच ओढला जातो, अक्षरं एका दिशेला लांबलेली, उंचवटे चेपलेले.

चित्र एका बाजूला सरकलेलं असेल तर रिकाम्या भागाची चमक बघा, ती कोऱ्या चकतीची असते. आणि छापा सरकला असेल तर काटापण सरकलेला असला पाहिजे, दोन्ही एकाच दाबात होतात. एका बाजूलाच रिकामी जागा आणि दुसरी बाजू पूर्ण, असं असेल तर जास्त काळजीने बघा. वर दुसरी चकती अर्धवट आली असेल तर असं होतं, पण मग तिचा गोल काठ त्या बाजूला दबलेला दिसतो.

छापा-काटा एकमेकांच्या तुलनेत फिरलेले असतील तर मात्र आनंद माना. आपल्या नाण्यात सिंह सरळ धरून पुस्तकाचं पान उलटतो तसं नाणं उलटलं तर मागची बाजूही सरळ आली पाहिजे. ती वाकडी, आडवी किंवा उलटी आली तर एक डाय फिरलेली होती. हे बाहेर करता येत नाही (दोन अर्धी नाणी चिकटवली नसतील तर, त्यासाठी कडेला जोड शोधा), म्हणून नवीन माणसाने सुरुवात यापासून करावी. थोडंसं फिरलेलं सर्रास मिळतं, चांगलंच फिरलेलं असेल तर जपून ठेवा.

पाचवं: उलटा, खोल छाप

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, मीपण पैसे घालवलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी पडलेलं नाणं डायला चिकटून राहिलं आणि त्याच्याखाली नवी चकती आली, तर नव्या नाण्याच्या एका बाजूला चिकटलेल्या नाण्याचा छाप उलटा आणि खोल बसतो, आरशात बघितल्यासारखा. याला ब्रॉकेज म्हणतात, जुने व्यापारी लखी म्हणतात. गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात मी पाच रुपयाचं असं एक नाणं घेतलं होतं, १२०० रुपये देऊन, सिंह एकदम उलटा आणि खोल, विकणारा म्हणाला, "भाऊ, बघून घ्या, हे परत मिळणार नाही." घरी येऊन टेबललॅम्पखाली धरलं आणि पोटात गोळा आला. उलट्या सिंहाच्या खाली, अगदी फिकट, नाण्याचा मूळचा सरळ आकडा होता.

झालेलं असं की दोन नाणी एकावर एक ठेवून शेगड्यात, म्हणजे लेथवाल्याकडच्या वाइसमध्ये, जोरात आवळली होती. वरच्या नाण्याचे फक्त उंच भाग खालच्यात रुतले. मूळ डिझाईन पूर्ण पुसलं गेलंच नाही, कारण टांकसाळीच्या प्रेसचा दाब वाइसला येत नाही. नाणं उलटून दुसरी बाजू पाहिली तर तिथले उंचवटे चपटे झालेले, वाइसच्या जबड्याला टेकले होते ना. खऱ्या ब्रॉकेजमध्ये दुसरी बाजू झकास, पूर्ण उठावाची असते, कारण ती डायने मारलेली असते, आणि उलट्या बाजूला जुन्या सरळ डिझाईनचा मागमूसही नसतो. तेव्हा ब्रॉकेज हातात आलं की उलटी बाजू नंतर बघा, आधी चांगली बाजू बघा. ती चपटी असेल तर परत द्या.

सहावं: दहा रुपये

मधली चकती आणि बाहेरचं कडं हे दोन वेगळे धातू, पण छाप दोघांवर एकदमच बसतो. त्यामुळे मधली चकती सरकलेली दिसली की एकच गोष्ट बघायची, डिझाईन कोणाबरोबर सरकलंय. टांकसाळीत चकती सरकलेली असेल तर डिझाईन बाहेरच्या काठाच्या हिशोबाने आपल्या जागीच राहतं आणि जोडावरून न तुटता पुढे जातं, अर्धी रेघ पांढऱ्यावर अर्धी पिवळ्यावर. नंतर उचकटून बसवलेली असेल तर चित्र चकतीबरोबर सरकतं किंवा फिरतं, जोडावर रेघा जुळत नाहीत, आणि जोडाच्या फटीत पेचकसाचे खड्डे असतात.

मधली चकती नसलेलं नुसतं कडं? चकतीशिवायच दाब पडला असेल तर आतल्या भोकाचा काठ आत वाहिलेला, वेडावाकडा असतो. नंतर ठोकून काढली असेल तर भोक अगदी गोल, काठ सरळ. अशी कडी मला आत्तापर्यंत जेवढी दाखवली गेली ती सगळी ठोकून काढलेली निघाली.

सातवं: आपल्याकडचे नेहमीचे मार

रामकुंडावर मुलं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात हे तुम्ही पाहिलं असेल. त्यात स्टीलचीच येतात, आणि वाळूने घासून त्यांचा सगळा पृष्ठभाग बारीक खरखरीत झालेला असतो, अक्षरांच्या कडा गोल होतात, उंच भाग आधी जातात. हे "कमी दाबाचं नाणं" नाही. कमी दाबात अक्षर फिकट असतं पण मूळची चमक शाबूत असते.

सत्यनारायणाच्या कलशातली नाणी लालसर किंवा हिरवट होतात. होमात किंवा चुलीत पडलेलं स्टील पिवळं, जांभळं, निळं होतं, तो तापल्याचा रंग, वेगळा धातू नव्हे. देवळाच्या उंबऱ्यात ठोकलेल्या नाण्याला खिळ्याचं भोक असतं आणि भोकाच्या मागच्या बाजूला धातू बाहेर आलेला. गळ्यात घातलेल्या नाण्याच्या वरच्या कडेला कडी डागल्याची जागा चमकते किंवा काळी पडते.

आणि जे एररच नाही तेही सांगतो. तारखेखाली काहीच खूण नाही म्हणजे टांकसाळीची खूण विसरली असं नाही, कोलकाता खूण देतच नाही. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. १९८५ च्या काही एक रुपयांवर इंग्रजी एच दिसतो, ती बर्मिंगहॅमला पाडून आणलेली आहेत.

जुन्या नाण्यांना हे नियम लावू नका

चांदवडी रुपया हातात आला आणि त्यावरची अक्षरं अर्धी कापलेली दिसली तर ते सरकलेलं नाणं नाही. हातोड्याने नाणी पाडायचे तेव्हा ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे मजकुराचा काही भागच यायचा. त्यावरचे बारीक ठोके म्हणजे सराफांनी चांदी तपासायला मारलेल्या खुणा. ते डॅमेज म्हणायचं तर म्हणा, मला तरी तो त्या नाण्याचा प्रवास वाटतो.

आणि एकावर एक दोन छाप दिसले तर आपल्याच जिल्ह्यातलं जोगलटेंभी आठवा. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त, आणि त्यातल्या दोन तृतीयांशांपेक्षा जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाची नाणी आपली करून चालवली. ती चूकही नाही आणि मारही नाही, तो राजाचा हुकूम आहे. हे समजून घ्यायचं असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, एक सकाळ काढून जा, चांगली नाणी जितकी बघाल तितकी नजर तयार होते.

विकायला निघण्याआधी

वैष्णोदेवीचं नाणं लाखात जातं वगैरे व्हिडिओ बघून कुणालाही आगाऊ पैसे पाठवू नका. जुनी नाणी विकून देतो म्हणून फी, कमिशन, टॅक्स मागणारे लोक रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात, आणि बँकेने स्वतः ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलंय की आम्ही अशा व्यवहारात नाही आणि असली फी घेत नाही. खरा घेणारा तुमच्याकडे पैसे मागत नाही, तो नाणं हातात मागतो.

मला किंवा कुठल्याही जाणकाराला फोटो पाठवायचा तर छापा, काटा आणि कड असे तिन्ही पाठवा, नाणं पांढऱ्या कागदावर ठेवून, उजेड बाजूने, आणि शेजारी त्याच किमतीचं साधं नाणं. वजन लिहा, चुंबकाला चिकटतं का ते लिहा, कुठे मिळालं तेही. धूळ असली तरी राहू द्या, तसंच पाठवा.